स्टीलच्या बाटल्या झाल्या, आता एसीचा गॅस, टेकडी आणि मुळशीचा प्लॉट

प्रश्न पुण्यातल्या कर्वेनगरच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात सांगतो. घरात चौघं, टू बीएचके, चार वर्षं झाली कापडी पिशव्या, स्टीलच्या बाटल्या, सगळीकडे एलईडी, अगदी बांबूचे ब्रशसुद्धा आणलेत. त्या विचारतायत की हवामानाला आणि प्राणीपक्ष्यांना याचा खरंच काही उपयोग आहे का की नुसतं आपल्या मनाचं समाधान. शिवाय तीन गोष्टी समोर आहेत. सोसायटी जुलैमध्ये टेकडीवर ५०० झाडं लावणारे, मिस्टर मुळशीला फार्महाऊससाठी प्लॉट बघतायत, आणि मुलीला बाल्कनीत पक्ष्यांसाठी दाणापाणी ठेवायचंय.

ताई, मी दिवसा सोसायट्या आणि छोट्या कारखान्यांचं एनर्जी ऑडिट करतो, २२ वर्षं झाली, आणि जवळपास तेवढीच वर्षं फोन आला की जखमी प्राणीपक्षी उचलायला जातो. दोन्ही कामं एकत्र केल्यामुळे एक गोष्ट पक्की कळलीय, ती आधी सांगतो म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हवामानाचा हिशोब किलोत होतो आणि प्राण्यांचा हिशोब जागेत होतो. कार्बन डायऑक्साइड कोथरूडमध्ये सोडला काय किंवा कोरियात सोडला काय, हवेला सारखंच. पण चंडोल ज्या कुसळी गवताच्या झुपक्याखाली अंडी घालतो तो झुपका गेला की त्याला तुम्ही शंभर किलोमीटरवर दुसरं गवत देऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक सवयीला दोन प्रश्न विचारायचे, किती किलो आणि कुणाची जागा. आपण बरेचदा एकच विचारतो आणि तिथेच गडबड होते.

तुमच्या कापडी पिशवीचंच बघा. कॅरीबॅग काही ग्रॅमची असते, किलोच्या हिशोबात ती जवळजवळ दिसतच नाही. पण जागेच्या हिशोबात दिसते, नाल्यात, नदीकाठी, गायीच्या पोटात. म्हणजे पिशवी सोडू नका, फक्त तिने हवामानाचं काम झालं असं धरू नका.

किलोचं काम कुठे होतं ते सांगतो. आपल्या ग्रिडमधली वीज अजून मुख्यतः कोळशावर आहे, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो. हे दोन आकडे फ्रिजवर लिहून ठेवा, बाकी सगळं घरबसल्या काढता येतं. महिन्याला २०० युनिट बिल येत असेल तर १४० किलो. कर्वेनगरहून हिंजवडीला रोज कारने एकट्याने जाऊनयेऊन ४० किलोमीटर होत असतील आणि ट्रॅफिकमध्ये गाडी १५ चं ॲव्हरेज देत असेल तर महिन्याच्या २२ दिवसांचे १३० किलोच्या वर, म्हणजे एका माणसाचं ऑफिसला जाणं अख्ख्या घराच्या विजेइतकं. आठवड्यातले दोन दिवस जरी कारपूल किंवा कंपनीची बस केली तरी तुमच्या सगळ्या बांबू ब्रशांपेक्षा कितीतरी पट जास्त होतं. पुणे ते दिल्ली विमानाचं एक तिकीट एका माणसामागे साधारण १०० किलो, जाऊनयेऊन चौघांचं करून बघा म्हणजे कळेल की मे महिन्याची ट्रिप कुठली ठरवतो यालाही वजन आहे. दरवर्षी विमानाने न जाता एक वर्ष आड जा आणि मधल्या वर्षी रेल्वेने, एवढं मी आमच्या घरात लावून घेतलंय.

आता एसी. इथे थोडं थांबतो कारण ऑडिटमध्ये हे मी दर उन्हाळ्यात बघतो आणि याच्याबद्दल लोकांना कोणी सांगतच नाही. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री आठ तास, दोन महिने चालवला तर साधारण ४०० ते ४५० युनिट म्हणजे ३०० किलोच्या आसपास. ठीक आहे, हे बिलात दिसतं. बिलात दिसत नाही ती गोष्ट म्हणजे आतला गॅस. जुन्या एसीत आर-२२ किंवा आर-४१०ए असतो, त्याचा एक किलो हवेत गेला की हवेला तो साधारण २००० किलो कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. आणि घरच्या एसीत एक किलोच्या आसपासच गॅस असतो. म्हणजे सहासात उन्हाळे एसी चालवून जेवढं होतं तेवढं एका गळतीत होतं! आणि आपल्याकडे काय होतं, मार्चमध्ये सर्व्हिसिंगला माणूस येतो, म्हणतो मॅडम गॅस कमी झालाय, भरून देतो, आपण पैसे देतो, पुढच्या मार्चला परत तेच. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही हो, तो बंद पाइपात फिरत असतो. कमी झालाय याचा अर्थ कुठूनतरी गळतोय, बहुतेकदा पाइपाच्या टोकाचा फ्लेअर नट ढिला असतो. त्या माणसाला सांगायचं की आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते दाखव, नट नीट कर, मगच भर. आणि घर बदलताना एसी काढायला येणाऱ्याला विचारायचं पंपडाऊन करणार ना, म्हणजे सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून व्हॉल्व्ह बंद करणं, दहा मिनिटांचं काम आहे. पण बरेच जण घाईत नट उघडून गॅस सोडून देतात, फुस्स आवाज येतो आणि झालं. नवीन घ्यायचा असेल तर आर-३२ वाला घ्या, त्याचा आकडा ६७५ आहे, आर-२९० मिळाला तर अजून चांगलं, त्याचा अगदीच किरकोळ. सेटिंग २६ आणि वर पंखा. पंखे बदलायचे असतील तर बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, ७०-७५ वॅटच्या जागी ३० वॅट, जो पंखा बारा तास चालतो तो आधी बदला, गेस्टरूमचा राहू दे.

सोसायटीच्या गच्चीवर सोलर हा मला सगळ्यात आवडणारा उपाय आहे कारण तो दोन्ही प्रश्नांत पास होतो. पुण्यात एक किलोवॅट सोलर वर्षाला साधारण १४०० युनिट देतं म्हणजे हजार किलोची बचत, आणि गच्ची कुणाचं घर नसते. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन कामासाठी किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे, लिफ्ट आणि पंप त्यावर आरामात चालतात. उलट हेच सोलर आणि पवनचक्क्या माळरानावर गेल्या, मोठ्या वायरी ओढल्या, की काय होतं ते राजस्थानात माळढोकचं दिसतंय, तो जड पक्षी, समोरची वायर त्याला वेळेवर दिसत नाही, धडकून मरतो. आणि जुनी वीज तरी कुठून येते, चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, त्याच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी आणि जवळच ताडोबा, तिथले वाघ त्या केंद्राच्या आवारात फिरतात. म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणं मला कधीच क्षुल्लक वाटत नाही.

एलईडीचं मात्र एक सांगायचंय. वीज कमी लागते म्हणून आता सोसायट्यांनी पोडियमवर, कंपाउंडवर, झाडांवरसुद्धा पांढरे फ्लडलाइट लावलेत आणि ते पहाटेपर्यंत चालू. किलोत फायदा, जागेत तोटा. रातकिडे, पतंग, वटवाघळं, सगळ्यांचं वेळापत्रक बिघडतं, पतंग रात्रभर दिव्याभोवती फिरून सकाळी खाली मरून पडलेले असतात, झाडणाऱ्या मावशींना विचारा. टायमर लावा, अकरानंतर जिन्यातले आणि गेटवरचे सोडून बाकी बंद, दिव्यांना वरून झाकण, आणि पिवळसर बल्ब. कमिटी मीटिंगमध्ये सेफ्टीचा मुद्दा येतो, त्याला सेन्सर हे उत्तर आहे.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत पण मला सांगायलाच हवं. सिंहगड रोडच्या एका सोसायटीत डक्टमध्ये गव्हाणी घुबडांची जोडी होती, त्या हृदयासारख्या पांढऱ्या तोंडाची. खाली पार्किंगमध्ये उंदीर झाले, कार्सच्या वायरी कुरतडल्या, कमिटीने पेस्ट कंट्रोल बोलावलं आणि त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात निळसर वड्या ठेवल्या. ते औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, तीनचार दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि असा उंदीर घुबडाला सगळ्यात आधी सापडतो. पंधरा दिवसांनी मला फोन आला. मादी पार्किंगच्या खांबाला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, चोचीच्या कडेला रक्ताची बारीक रेघ, पंख उचलून बघितला तर आतल्या कातडीवर जांभळे डाग. तिला टॉवेलमध्ये घेतलं तेव्हा वजनच लागलं नाही हाताला. डॉक्टरांकडे नेईपर्यंत, व्हिटॅमिन के देईपर्यंत उशीर झाला होता. जी जोडी फुकटात रोज रात्री उंदीर उचलत होती तीच गेली, आणि उंदीर तीन महिन्यांत परत तेवढेच झाले.

तर पेस्ट कंट्रोलच्या माणसाला औषध काय वापरतोस हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उंदरांना पिंजरा लावा, डक्टच्या पाइपांना जाळी बसवा, कचऱ्याची खोली रात्री बंद ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. चिकट ग्लू पॅड तर अजिबात नको, त्यावर मी खारी, पाली, दयाळ, एकदा धामणीचं पिल्लू काढलंय. चुकून काही अडकलं तर ओढू नका, पॅडच्या उघड्या भागावर कणीक भुरभुरून झाका आणि वन विभागाच्या १९२६ ला फोन करा. आणि आग्या मोहोळ बसलं की लगेच फवारा मारायला बोलावतात, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की त्या माश्या स्थलांतर करतात, काही महिन्यांनी आपोआप उठून जातात, त्या मजल्याच्या खिडक्यांना तेवढे दिवस जाळी लावा. अगदी जाण्यायेण्याच्या वाटेवर असेल तर जाणकार माणूस बोलवा. पुण्यात गणेशखिंड रोडला मधमाशांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आपल्यासारखं नशीब दुसऱ्या शहरांना नाही.

स्वयंपाकघराबद्दल फार लांबवत नाही. मटण आणि दूधदुभतं कमी केलं तर किलोत फरक पडतोच, पण बहुतेक घरांत जास्त मोठी गोष्ट आहे ती वाया जाणारं अन्न. ओला कचरा ढिगात दाबला की कुजून मिथेन होतो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी तो ढीग किती वर्षं सोसला ते आपण पुणेकरांनी विसरू नये. घरी एक कंपोस्टचा डबा ठेवा, नाहीतर निदान ओला-सुका वेगळा करून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंकडे द्या, त्या हाताने वेचतात ते, सॅनिटरी पॅड आणि काचा कागदात गुंडाळून वेगळ्या द्या.

आणि हा कचरा वन्यजीवांपर्यंत कसा जातो ते सांगतो, ही साखळी मी स्वतः बघितलीय. शहराच्या कडेला, सूस, बावधन, उंड्रीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला रात्री काळ्या पिशव्या टाकतात, उरलेलं बिर्याणी-चिकन, दुकानांची पिसं-आतडी. त्यावर भटकी कुत्री आणि डुकरं वाढतात. कुत्रं हे बिबट्याचं सोपं खाणं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरमध्ये कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, वर्षभर उंच आणि गार उभा असणारा ऊस म्हणजे बिबट्याला जंगलच, आता तिथल्या बिबट्यांच्या कितीतरी पिढ्या उसातच जन्मल्या. ऊसतोडीत पिल्लं सापडतात, आईशी भेट घडवायला वन विभागाची माणसं रात्र रात्र जागतात, माणिकडोहच्या केंद्रात पकडलेले बिबटे येतात. आणि तिकडे माणसंही गेलीत, लहान मुलं गेलीत, ज्या घरातलं मूल गेलं त्यांना बिबट्याचं कौतुक सांगायला मी कधीच धजणार नाही. म्हणून म्हणतो, आपण कडेच्या गावात टाकलेली पिशवी ही बिबट्याला माणसांच्या वस्तीकडे बोलावणं आहे. ज्याला कुत्र्यांना खायला घालायचंय त्याने जरूर घालावं, पण ठरलेल्या जागी, उरलेलं उचलून, आणि नसबंदीची जबाबदारी घेऊन.

आता टेकडी. ताई, सोसायटीने ५०० झाडांचं ठरवलंय त्यामागची भावना मला फार मोलाची वाटते, पण खड्डे खणायच्या आधी एकदा ऑक्टोबरमध्ये सकाळी वेताळ टेकडीवर जाऊन गवतात नुसतं वीस मिनिटं उभं राहा. जे पडीक दिसतं ना, ते गवताळ माळ आहे. तित्तिर, चंडोल, रातवा, टिटवी ही सगळी जमिनीवर अंडी घालणारी मंडळी आहेत, त्यांना उघडं, दगडाधोंड्यांचं गवतच लागतं. आपण हिरवं दिसावं म्हणून पूर्वी टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया हे बाहेरून आलेलं झाड, लावत सुटलो, ते भराभर वाढलं, आणि आज त्याच्याखाली बघा, गवत जवळजवळ नाही, पक्ष्यांचा आवाज कमी. कार्बनचं म्हणाल तर गवताचा बराचसा कार्बन मातीत, मुळांमध्ये असतो, वणवा वरून गेला तरी तो खाली राहतो, आणि जेसीबीने खड्डे खणले की तीच माती उघडी पडते. सासवड, जेजुरी, मोरगाव भागातल्या माळांवर लांडगे आहेत, सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठीच आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, तिथे दाट झाडी केली तर चिंकारा जाणार कुठे?

मग त्या ५०० झाडांच्या उत्साहाचं काय करायचं, तर टेकडीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात, कोणी सिगारेट टाकतं, कोणी मुद्दाम गवत पेटवतं. डिसेंबर-जानेवारीत वन विभागाबरोबर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेली मोकळी पट्टी, काढायला माणसं हवी असतात, तिथे तुमच्या सोसायटीतले वीस जण दोन रविवार आले तर शेकडो झाडं वाचतात, जी आधीच रुजलेली आहेत. ज्या उतारांवर खरंच झाडांची जागा आहे तिथे लावायचीच असतील तर पळस, पांगारा, मोई, सालई, गणेर, मेडशिंगी, हिवर, खैर अशी इथली लावा, पन्नासच लावा पण तीन उन्हाळे पाणी घाला. आणि उंबर, करंज, कडुनिंब सोसायटीच्या आवारात लावा जिथे आत्ता पेव्हर ब्लॉक आहेत.

मुळशीचा प्लॉट. हे मी जरा मोकळेपणाने बोलतो कारण माझ्या दोन सख्ख्या मित्रांना मी हेच सांगितलं, एकाने ऐकलं एकाने नाही. फार्महाऊसची हौस मला समजते, मुलांनी मातीत खेळावं असं कोणाला नाही वाटत. पण बाकी सगळ्या सवयींची बेरीज करा, ही एक गोष्ट त्याच्यापेक्षा जड आहे. रस्त्यासाठी डोंगर कापतात, ओढा पाइपात घालून वर भराव टाकतात, बोअर घेतात, चारी बाजूंनी जाळी किंवा भिंत, आत लॉन, रात्री फ्लडलाइट. आणि असा एक प्लॉट नसतो, शंभर असतात, एकमेकांना चिकटून. भेकर, साळिंदर, उदमांजर रात्री ज्या वाटेने ओढ्यावर पाण्याला येत होते ती वाट बंद. दोन वर्षांपूर्वी पावसात त्या भागात एक भेकर सोडवायला गेलो होतो, चेनलिंकच्या जाळीत मागचा पाय अडकलेला, रात्रभर झटापट करून जाळीवर केस आणि रक्त, आणि बंगला महिनाभर बंद, मालक शहरात. त्यांना काही वाईट करायचं नव्हतं हो, त्यांना माहीतच नव्हतं. त्यापेक्षा तिथल्याच गावात एखाद्या घरगुती होमस्टेमध्ये दर दोन महिन्यांनी राहा, नाचणीची भाकरी खा, त्या घराला चार पैसे मिळतील आणि जमीन विकायची वेळ येणार नाही. आणि प्लॉट घेतलाच, तर भिंत नको, कुंपण करवंद-निगडीचं करा, जाळी लावायचीच असेल तर खालून एक-दीड फूट मोकळी सोडा, ओढ्याला हात लावू नका, लॉनऐवजी जे गवत उगवतं ते उगवू द्या, बाहेरचा दिवा झोपताना बंद. ताम्हिणी घाटात पावसात रात्री गाडी चालवायची तर चाळीसच्या वर नको, त्या ओल्या रस्त्यावर बेडूक, खेकडे, साप उतरलेले असतात, आणि घाटात माकडांना वेफर देऊ नका, ती त्या आशेने रस्त्यावर बसतात आणि गाडीखाली येतात.

राहिलं मुलीचं दाणापाणी. दाणे नको म्हणा, कारण दाणे टाकले की येतात फक्त पारवे, ते आपल्याकडे भरपूर आहेत, बाकीच्यांना हुसकावतात आणि विष्ठेमुळे फुफ्फुसाचा त्रास होऊ शकतो. पाणी मात्र जरूर ठेवा. मातीचं पसरट भांडं, दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा म्हणजे बुलबुलाला बसता येईल आणि मधमाशी पडली तरी बुडणार नाही. सावलीत ठेवा, काचेच्या दरवाज्यापासून जरा बाजूला, आणि रोज सकाळी पाणी ओतून, साबण न लावता घासून परत भरायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. शेजारच्या कुंडीत तुळस आणि एक जास्वंद किंवा कोरांटी लावा, फवारणी करू नका, सूर्यपक्षी आला तर मुलीला सांगा लांबूनच बघ. मार्चमध्ये भांडं ठेवलंत की पहिले आठदहा दिवस कोणी येणार नाही, ती कंटाळेल, तरी भांडं हलवू नका.